कॅमेरा नायकाला बांधून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या कॉम्प्युटरवर साधा उड्या मारायचा गेम कसा बनवावा, यावर अर्ध्या पानाचा लेख आला होता. लेख चांगला होता. उडीला गुरुत्वाकर्षण कसं लावायचं, नायक जमिनीवर कसा टेकवायचा, हे पोराबाळांना कळेल अशा भाषेत लिहिलं होतं. पण शेवटाकडे, कॅमेरा नायकाला बांधून टाकला की काम झालं, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

मी विट्यात अठ्ठावीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ काढतो. खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यापासून आताच्या गिंबल आणि ड्रोनपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. कॅमेरा कुणाला बांधायचा नसतो, हे मी पहिल्याच ऑर्डरीत शिकलो. वरातीत हलगी वाजायला लागली तसा मीही पोरांबरोबर कॅमेरा घेऊन नाचलो. नवरीच्या मामांनी घरी जाऊन कॅसेट लावली आणि पंधराव्या मिनिटाला टीव्ही बंद केला. म्हणाले, बोटीत बसल्यासारखं होतंय. अर्धे पैसे मिळाले. तेव्हा मला कॅमेरा शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलं होतं, नाचणारा नाचू दे, तू खांबासारखा उभा राहा, तो चौकटीबाहेर जायला लागला तरच हल.

हे सगळं मी विसरलो होतो. गेल्या मे महिन्यात धाकट्या मुलीनं आठवण करून दिली. ती अकरावीला आहे. सुट्टीत माझ्या एडिटिंगच्या जुन्या पीसीवर तिनं एक गेम करायला घेतला. गटारीच्या आदल्या दिवशी एक कोंबडा खुराड्यातून पळतो आणि अख्खा गाव त्याच्या मागं लागतो. कौलं, पत्रे, कडब्याची गंज, पाण्याची टाकी, असं उड्या मारत त्यानं गावाबाहेरचा ओढा गाठायचा. पडदा ६४० पिक्सेल, म्हणजे ठिपके, रुंद आणि ३६० उंच. गाव ३२-३२ पिक्सेलच्या चौकोनी फरश्यांचं, एका रांगेत २०० फरश्या. म्हणजे गावाची लांबी ६४०० पिक्सेल, पडद्याच्या दहापट. एवढं गाव पडद्यात मावत नाही, म्हणून सरकता कॅमेरा हवा. आणि घरात कॅमेरेवाला मी.

मी मोठ्या रुबाबात खुर्ची ओढून बसलो, तर पहिलाच धक्का असा की गेममध्ये कॅमेरा नावाची वस्तूच नसते. असतो तो एक आकडा. कोंबडा गावात १३२० वर उभा आहे आणि कॅमेऱ्याचा आकडा १००० आहे, तर पडद्यावर कोंबडा ३२० वर काढायचा. झाड १४०० वर आहे, तर ते ४०० वर. प्रत्येक वस्तूच्या जागेतून कॅमेऱ्याचा आकडा वजा करायचा, बस. आकडा वाढत गेला की सगळं गाव डावीकडे सरकतं आणि बघणाऱ्याला वाटतं कोंबडा पुढे पळतोय. जुन्या सिनेमात मोटार जागेवर उभी असायची आणि मागचा पडदा पळायचा, तोच प्रकार.

तिसरीच्या पोराला येईल अशी ही वजाबाकी. तिच्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. गेम चालू केला, कोंबडा पळाला, गाव सरकलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि पहिला खड्डा आला तर कोंबडा त्याच्यावरून अधांतरी चालत गेला. पुढं भिंत आली, तिच्यातून आरपार. आम्ही दोघं खड्ड्याचा आकडा तपासत बसलो, भिंतीचा तपासला, सगळे बरोबर. रात्री दहाला तिच्या लक्षात आलं. वजाबाकी करून आलेला पडद्यावरचा आकडाच तिनं कोंबड्याची जागा म्हणून परत लिहून ठेवला होता. कॅमेरा बरोबर चालत असल्यामुळं पडद्यावर कोंबडा कायम ३२० वर. म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक वेळी गावातल्या ३२० व्या जागेची जमीन तपासत होता, आणि तिथं आमच्याच घरासमोरचं सपाट अंगण! त्याच्या हिशेबी कोंबडा अंगणातून हललाच नव्हता.

तेव्हापासून आम्ही दोन वह्या मानतो. एक गावाची, एक पडद्याची. धडक, उडी, पडणं, सगळं गावाच्या वहीत. वजाबाकी फक्त चित्र काढताना करायची आणि तिचं उत्तर गावाच्या वहीत कधीही चढवायचं नाही.

दुसरी गोष्ट किरकोळ, पण आमच्या धंद्यातली. कोंबडा अगदी डावीकडे गावाच्या सुरुवातीला गेला की त्याच्या मागं काळंभोर दिसायचं, कारण गाव तिथं संपलेलं. मांडवाच्या कडेला कॅमेरा फिरवला की कनातीमागची आचाऱ्याची भांडी आणि विडी ओढणारे वाढपी दिसतात, तसं. कॅमेऱ्याचा आकडा ० च्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ६४०० वजा ६४०, म्हणजे ५७६० च्या वर जाऊ द्यायचा नाही. दोन ओळींत काम झालं.

आता खरी बोटीची गोष्ट. लेखात सांगितल्याप्रमाणे धाकटीनं कॅमेरा कोंबड्याला बांधलाच होता, उभा आणि आडवा दोन्हीकडून. कोंबडा उडी मारायचा तेव्हा कोंबडा पडद्याच्या मध्यभागी स्थिर आणि अख्खा गाव खाली आपटून वर यायचा. कोंबडा तर सेकंदाला एक उडी मारणारा प्राणी. आमची ही पोळ्या लाटता लाटता दारातून बघत होती, म्हणाली, बंद करा, मला गरगरतंय. मला नवरीचे मामा आठवले.

मग मी उस्तादांचा धडा सांगितला आणि धाकटीनं तो आकड्यांत बसवला. पडद्याच्या मध्यभागी ९६ पिक्सेल रुंदीची एक न दिसणारी चौकट धरायची. कोंबडा तिच्या आत असेपर्यंत कॅमेऱ्यानं जागचं हलायचं नाही. तो चौकटीच्या कडेला भिडला की मग तेवढ्यापुरतं सरकायचं. उभ्या दिशेला तर आणखी कडक नियम केला. कोंबडा हवेत असताना कॅमेरा वर जाणारच नाही. तो एखाद्या पत्र्यावर नाहीतर कौलावर टेकला, की मगच कॅमेरा सावकाश त्या उंचीला येईल. सुपर मारिओ वर्ल्ड या १९९० च्या गेममध्येही कॅमेरा असाच नायक टेकायची वाट बघतो, हे नंतर कळलं. अपवाद एकच, खाली पडण्याचा. कोंबडा पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात घसरला तर थांबायचं नाही, लगेच त्याच्या मागं जायचं. पडणाऱ्याला खाली काय आहे ते दिसायलाच हवं.

एवढ्यानं गरगरणं थांबलं. आमची ही पोळ्या संपवून येऊन दोन डाव खेळून गेली.

पण मला अजून काहीतरी टोचत होतं. नवरदेव उजवीकडे चालत निघाला तर आम्ही त्याला चौकटीच्या मध्यावर धरत नाही. थोडा डावीकडे ठेवतो आणि पुढं मोकळी जागा सोडतो. मागच्या मांडवात बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. गेममध्ये तर ही जागा जीव वाचवते. कोंबड्यापुढं कुत्रं आहे की कुंपण, हे दिसायला त्याच्या पाठीमागची जागा कमी करून पुढची वाढवायला हवी. धाकटीनं कॅमेरा कोंबड्याच्या तोंडाच्या दिशेनं ९६ पिक्सेल पुढं नेला. झकास. फक्त कोंबडा मागं वळला की अख्खा पडदा फाडकन दुसरीकडे जायचा. पंगतीत मान वळवून वळवून बघणाऱ्या पाहुण्यासारखा.

त्यावर एक सुंदर युक्ती तिनं मला शिकवली. कॅमेऱ्यानं एकदम जायचं नाही. जिथं जायचंय ते अंतर मोजायचं आणि दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर दर वेळी नवं चित्र उमटताना, त्याचा फक्त दहावा हिस्सा चालायचं. अंतर १०० असेल तर आधी १० चालेल, उरले ९०, मग ९, मग ८.१. सुरुवातीला वेगात, जवळ येईल तसा हळू. साधारण बावीस फ्रेममध्ये दहाच उरतात, आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हे सगळं सेकंदाच्या तिसऱ्या भागात होतं. मी पंचवीसेक वर्षं हात घासून जो सावकाश थांबणारा पॅन, म्हणजे कॅमेऱ्याचं आडवं फिरणं, कमावला, तो पोरीनं एका ओळीत लिहिला. वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल.

ही ओळ भाच्यानं पुण्याहून आणलेल्या लॅपटॉपवर बिघडली. त्याचा पडदा सेकंदाला १४४ वेळा उमटतो. दर फ्रेमला दहावा हिस्सा म्हटल्यावर कॅमेरा तिथं जवळजवळ अडीचपट घाईनं पळायला लागला, आणि माझ्या जुन्या पीसीवर फ्रेम कमी पडल्या की रेंगाळायला. म्हणजे ‘दर फ्रेमला’ हा हिशेबच चुकीचा, तो घड्याळावर धरला पाहिजे. कोंबड्याची चाल तिनं आधीच वेळेवर बांधली होती, कॅमेऱ्याची राहून गेली होती. सगळ्यांची तीच राहून जाते, असं भाचा म्हणाला.

आणखी एक गंमत सांगतो, कारण ती पकडायला आम्हाला दोन दिवस लागले. कॅमेरा इतका गुळगुळीत झाल्यावर कोंबडा पळताना थरथरायला लागला. थंडी वाजल्यासारखा, एका पिक्सेलनं. आकडे कागदावर मांडले तेव्हा कळलं. समजा कॅमेरा १०००.४ वर आहे आणि कोंबडा १३२०.६ वर. अर्धा पिक्सेल काढता येत नाही म्हणून तिनं दोन्ही आकडे आधी पूर्णांकात आणले, १००० आणि १३२१. फरक ३२१. पुढच्या फ्रेमला दोघंही २.२ नं सरकले, १००२.६ आणि १३२२.८. पूर्णांक झाले १००३ आणि १३२३. फरक ३२०. खरा फरक दोन्ही वेळा ३२०.२ च आहे, पण पडद्यावर कोंबडा एकदा ३२१ वर, एकदा ३२० वर. आधी वजाबाकी, मग पूर्णांक, एवढा क्रम बदलला आणि कोंबड्याची थंडी गेली. माझे वडील भुसाराच्या दुकानात दिवाणजी होते. पैसे सोडायचे ते बेरजेच्या शेवटी, प्रत्येक रकमेत सोडले तर मालक कामावरून काढेल, असं ते म्हणायचे.

गेममध्ये पडद्यावर मागं दिसणाऱ्या डोंगराबद्दल लेखात लिहिलेलं होतं, म्हणून फार लिहीत नाही. कराड-तासगाव एसटीत खिडकीला बसलं की कडेच्या बाभळी सपासप मागं जातात आणि सागरेश्वरचा डोंगर बराच वेळ सोबत राहतो. डोंगर काढताना कॅमेऱ्याचा आकडा पुरा वजा न करता त्याचा चौथा हिस्सा वजा केला की तोच भास होतो.

या निमित्तानं जुने गेम पुन्हा बघितले. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम गल्लीत एकाकडेच होता, पिवळ्या कॅसेटवाला. त्यातला सुपर मारिओ, मूळ १९८५ चा, फक्त उजवीकडेच सरकतो. मागं राहिलेलं नाणं गेलं ते गेलं. तेव्हा वाटायचं कॅसेट खराब आहे. तो गेम ज्याच्यावर चालायचा, त्या निन्टेन्डो कंपनीच्या मूळ जपानी यंत्राचा पडदा २५६ पिक्सेल रुंद, आणि पडद्यावर काय कुठं आहे हे लिहून ठेवायला जेमतेम दोन पडद्यांपुरती जागा. मग एवढं लांबलचक जग आलं कुठून? लग्नात पायघड्या घालताना बघितल्यात ना? कापडं दोन-चारच असतात. पाहुणा पुढं गेला की मागचं उचलायचं आणि त्याचं पाऊल पडायच्या आत पुढं अंथरायचं. ते यंत्र हेच करतं. मारिओच्या मागची जागा मोकळी झाली की तिच्यावर पुढच्या जगाचा उभा पट्टा, पडद्याच्या कडेबाहेर, कुणाला दिसायच्या आत लिहून टाकतं.

आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासात ‘डेंजरस डेव्ह’ खेळलेले वाचक पुष्कळ असतील. त्यात डेव्ह कडेला पोचला की खेळ क्षणभर थांबायचा, पडदा एक मोठा धक्का खाऊन पुढं सरकायचा आणि मग पुन्हा खेळ चालू. आम्ही तो तसाच असतो असं समजून खेळलो. तेव्हाच्या पीसीला दर फ्रेमला अख्खा पडदा नव्यानं रंगवणं झेपतच नव्हतं. १९९० च्या सप्टेंबरात अमेरिकेत लुइझियानातल्या जॉन कार्मॅक या तरुण प्रोग्रॅमरनं त्यावर तोड काढली. चित्र सरकलं तरी आकाशाशेजारी आकाशच येतं, विटेशेजारी वीटच. मग जी फरशी बदलली तेवढीच नव्यानं काढायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सहकारी टॉम हॉल यांच्याबरोबर त्यानं एका रात्रीत मारिओच्या तिसऱ्या गेमचा पहिला टप्पा पीसीवर सरकवून दाखवला. मारिओच्या जागी नायक कोण, तर आपला डेव्ह! मग मारिओचाच पीसीवरचा नमुना करून निन्टेन्डोला दाखवला, त्यांनी नको म्हटलं. तेव्हा त्याच युक्तीवर कार्मॅक मंडळींनी कमांडर कीन हा स्वतःचा गेम केला आणि तो त्याच डिसेंबरात बाजारात आला. ज्याला आपला लेख एका वाक्यात बांधून टाका म्हणतो, त्या सरकत्या पडद्यावर त्या लोकांचं पुढचं आयुष्य उभं राहिलं.

आमच्या जुन्या पीसीनंही तसंच रडगाणं लावलं होतं. २०० फरश्यांचं गाव दर फ्रेमला पूर्ण काढायचं म्हणजे त्याला धाप लागायची. पडद्यात एका वेळी आडव्या २१ फरश्याच दिसतात, तेवढ्याच काढायच्या असं ठरवल्यावर पंखा सुद्धा गप्प झाला.

कॉन्ट्रा या जुन्या गेमची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्यात धबधब्याचा टप्पा आहे, तिथं पडदा वर सरकतो. दोघं खेळताना एक जण वर चढत गेला की पडदा त्याच्याबरोबर वर, आणि खाली राहिलेला पडद्याच्या तळाला गेला की खल्लास. थोरला भाऊ नेहमी पुढं पळायचा आणि माझे जीव संपायचे. त्यावरून आमच्यात दोन महिने बोलणं बंद होतं. आईला वाटायचं जमिनीवरून बिनसलंय. आज कळतं, चूक भावाची नव्हती. एका कॅमेऱ्याला दोन नायक दिले होते आणि कॅमेऱ्यानं वर असलेल्याची बाजू घेतली.

मला मुळात सांगायचंय ते हेच. गेममध्ये मरण खड्ड्यानं येतं असं दिसतं, पण बऱ्याच वेळा ते कॅमेऱ्यानं आणलेलं असतं. शेजारच्या पोराला आम्ही कोंबड्याचा गेम खेळायला दिला. पाण्याच्या टाकीवरून खाली उडी घ्यायची होती. तो सात वेळा मेला आणि आठव्या वेळी उठून क्रिकेट खेळायला गेला. धाकटी म्हणाली, उडी अवघड झालीय, सोपी करते. मी म्हटलं, थांब, तू टाकीवर उभी राहून मला पडद्यावर खालची गंज दाखव. दिसेना. टाकीवर टेकल्या टेकल्या कॅमेरा कोंबड्याला मध्यावर धरून बसायचा आणि गंज पडद्याच्या खाली ४० पिक्सेलवर. पोरगं आंधळी उडी मारत होतं. आम्ही टाकीभोवती एक न दिसणारा पट्टा आखला. त्या पट्ट्यात कोंबडा शिरला की कॅमेरा ८० पिक्सेल खाली उतरतो. गंजीला हात लावला नाही, उडीला लावला नाही. पोरगं दुसऱ्या दिवशी पहिल्या फटक्यात उतरलं.

आम्ही मंगलाष्टका चालू असताना हेच करतो. अंतरपाट कधी बाजूला होणार हे ठाऊक असतं. तो झाल्यावर कॅमेरा वळवायला गेलात तर अक्षता पडून गेलेल्या असतात आणि हाती भटजींची पाठ लागते. अंतरपाटाच्या आधीच चौकट लावून उभं राहायचं. बांधलेला कॅमेरा हे करू शकत नाही, कारण तो नेहमी घडलेल्याच्या मागून येतो.

तेव्हा विनंती अशी, की पुरवणीत या मालिकेचा पुढचा भाग येणार असेल तर कॅमेऱ्याला निदान पाव पान द्यावं. लेखकांना हवं असेल तर धाकटी तिची फाइल पाठवायला तयार आहे. मी तिला पाठवायचं पाकीट आणून देईन म्हटलं, तर ती हसली.

कळावे,
आपला,
एक व्हिडिओवाला
विटा, जि. सांगली

ता. क. पत्र पाठवण्याआधी धाकटीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, पुढं सोडायची जागा ९६ नाही, ११२ पिक्सेल. कुत्र्याचा वेग वाढवला तेव्हाच तिनं ती बदलली आणि मला सांगितलं होतं. दुरुस्ती करून छापावं.